पार्ट टू झाली काय?

रविवारी सकाळी उंबऱ्याबाहेर चपलांचे किती जोड पडलेत ते बघून आमच्याकडं चहाचं आधण ठेवतात. माझे वडील, आण्णा, पलटणीतून हवालदार क्लार्क म्हणून पेन्शनवर आले त्याला आता पंचवीसेक वर्षं झाली. पण कागल तालुक्यातल्या आमच्या गावात आणि आजूबाजूच्या वाड्यांवर फौजेचा कुठलाही कागद अडला की तो शेवटी आमच्या सोप्यातच येतो. कारखान्याच्या सभासद-साखरेच्या पिशवीत घातलेला, घड्यांवर फाटलेला, कधी हळदीचा डाग पडलेला. आण्णा चष्मा पुसतात, कागद उजेडाकडं धरतात आणि पहिला प्रश्न कायम एकच विचारतात, "पार्ट टू झाली काय?"

माझ्या चुलतभावाला मुलगी झाली तेव्हाही फोनवर त्यांनी हेच विचारलं. बाळंतीण कशी आहे, हे नंतर.

पंधरा ऑगस्टला गावात वीरपत्नीला शाल, श्रीफळ आणि साडी मिळते. मला त्यात वावगं काही वाटत नाही. फक्त शाल घालणाऱ्याला त्या बाईची पेन्शन कुठल्या प्रकारची आहे हे ठाऊक नसतं, आणि पुष्कळदा तिलाही नसतं. फौजी घरानं नक्की काय दिलं, हे त्या कागदांत फार बारकाईनं लिहिलेलं असतं. म्हणून ते कागद वाचायचे कसे, ते सांगते.

आधी सुट्टी. जवानाला वर्षाला 60 दिवसांची वार्षिक रजा आणि 30 दिवसांची किरकोळ रजा मिळते. ऐकणारा म्हणतो, "तीन महिने? चैन आहे की!" हिशेब करून बघा. 17 वर्षांची नोकरी धरली तर सगळी रजा मिळून 1530 दिवस होतात, म्हणजे जेमतेम सव्वाचार वर्षं. आणि तीही सगळी रजा हवी तेव्हा मिळाली तर. लग्न, बाळंतपण, बापाचं आजारपण, घराचा स्लॅब, बहिणीचं बघणं, सगळं त्या सव्वाचार वर्षांत बसवायचं. शांततेच्या ठिकाणी बदली असली तर क्वार्टर मिळते, पण तिथंही नंबर लागावा लागतो, आणि फील्डला गेलं की कुटुंब परत गावी.

या हिशेबाचा दुसरा अर्धा भाग गावात असतो. आण्णा नोकरीत असताना आमची अडीच एकर शेती आईनं केली. उसाची लावण कधी, पाणीपाळी कुणाची, सोसायटीचं कर्ज किती फिटलं, तोडणीच्या टोळीच्या मुकादमाला किती वेळा फोन करायचा, सगळं तिच्या डोक्यात. आणि आण्णा सुट्टीवर आले रे आले की सोसायटीचा गटसचिव आईला ओलांडून आत यायचा आणि आण्णांना विचारायचा, "काय आण्णा, कर्जाचं नवं-जुनं कसं करायचं?" आण्णांना खातं कुठलं हेसुद्धा माहीत नसायचं. आई आतून भांडी आपटायची. दोन महिने घरात पहाटे पाचला ब्लँकेटच्या घड्या, चपला एका ओळीत. खरं सांगायचं तर शेवटच्या आठवड्यात आम्हा पोरांना त्यांची सुट्टी संपायची घाई व्हायची, आणि काळी पेटी एसटीच्या टपावर चढली की त्याच घाईची लाज वाटायची. हे कुठल्या भाषणात येत नाही, पण कुठल्याही फौजी घरात विचारा.

आपल्या जिल्ह्यात अशी घरं थोडीथोडकी नाहीत. शिरोळ तालुक्यात सैनिक टाकळी आहे. तिथं गावाच्या नावातच फौज आहे. गडहिंग्लज, चंदगड, आजरा, भुदरगड या भागांत घराघरात कुणीतरी पलटणीत. कोल्हापूर संस्थानाची स्वतःची राजाराम रायफल्स होती, ती पुढं मराठा रेजिमेंटमध्ये विलीन झाली. मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली पलटण 1768 ची, आणि रेजिमेंटचं सेंटर बेळगावला, म्हणजे आपल्यापासून दोन-अडीच तासांवर. टेंबलाईच्या बाजूची टी. ए., म्हणजे टेरिटोरियल आर्मीची, बटालियन तर कोल्हापुरातल्या रिक्षावाल्यालाही पत्ता म्हणून पुरते. तोफखान्यातला असेल तर त्याचं रेकॉर्ड ऑफिस नाशिक रोडला, मराठातला असेल तर बेळगावला. हे रेकॉर्ड ऑफिस लक्षात ठेवा, कारण जवान सियाचीनला असो की सिकंदराबादला, त्याचं कागदोपत्री आयुष्य तिथं ठेवलेलं असतं.

आता आण्णांचा प्रश्न. जवानाच्या आयुष्यात काहीही बदल झाला, म्हणजे लग्न, मूल, कुणाचा मृत्यू, बढती, बदली, की त्याची युनिट एक हुकूम छापते. त्याला पार्ट टू ऑर्डर म्हणतात. पार्ट वन हा रोजच्या कामकाजाचा, पार्ट टू हा माणसाच्या नोंदीचा. पार्ट टू छापून रेकॉर्ड ऑफिसला गेली की बायको फौजेच्या लेखी बायको होते आणि मूल मूल होतं. तोवर मंडपात हजार माणसं जेवून गेली असली तरी फौजेच्या दप्तरी तो गडी अविवाहितच. मग दवाखान्याचं कार्ड नाही, क्वार्टर नाही, आणि उद्या काही बरंवाईट झालं तर कुटुंब पेन्शनला पहिला अडथळा इथंच.

आपल्याकडं यात एक खास मराठी गुंता आहे. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं नवरीचं नवं नाव लिहायचं. मधल्या नावातून वडिलांचं नाव जातं, तिथं नवऱ्याचं येतं, आडनाव बदलतं. आणि हौशी सासर असेल तर पहिलं नावही बदलतं. शाळेच्या दाखल्यावर एक बाई, रेशन कार्डावर दुसरी. नवऱ्यानं युनिटमध्ये फॉर्म भरताना जे तोंडात आलं ते सांगितलं, क्लार्क तमिळ किंवा पंजाबी असला तर त्यानं ऐकू आलं तसं इंग्रजीत लिहिलं. सुनीतामध्ये कुणी आय घालतं, कुणी डबल ई. पंधरा-वीस वर्षं कुणाचं काही अडत नाही. अडतं ते नेमकं तेव्हा, जेव्हा नवरा उरलेला नसतो आणि बँकेच्या काउंटरवरचा माणूस म्हणतो, "बाई, ही तुम्हीच कशावरून?"

जवान नोकरीत असेल तर हे दुरुस्त करणं सोपं: युनिटमध्ये अर्ज, सोबत पुरावा. पेन्शनवर आल्यावर मार्ग जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून रेकॉर्ड ऑफिसला जातो, प्रतिज्ञापत्र वगैरे करून. नवरा गेल्यावरही होतं, पण तोवर त्या बाईनं किती हेलपाटे घातलेले असतात ते आमच्या सोप्याला विचारा. आता पेन्शनचं सगळं काम 'स्पर्श' नावाच्या संगणकीय प्रणालीवर गेलंय, ती प्रयागराजच्या संरक्षण लेखा कार्यालयाकडून चालते. बँकेतल्या ओळखीच्या साहेबाला सांगून काम होण्याचे दिवस गेले. स्पर्शला स्पेलिंग कळतं, तोंडओळख कळत नाही. वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यायचा असतो, तोही आता अंगठ्यावर. जन्मभर गवत-ऊस कापलेल्या म्हातारीच्या अंगठ्यावर रेघाच उरलेल्या नसतात. तिच्यासाठी चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय मोबाईलवर आहे, ती वापरावी.

दुसरा मोठा गैरसमज 'शहीद' या शब्दाचा. चौकातल्या फलकावर हा शब्द असतो, पण सैन्यदलांत तो अधिकृतपणे वापरला जात नाही, हे सरकारनं संसदेतही सांगितलेलं आहे. फौजेच्या कागदावर दोनच गोष्टी येतात: बॅटल कॅज्युअल्टी किंवा फिजिकल कॅज्युअल्टी. म्हणजे लढाईत किंवा लढाईसारख्या परिस्थितीत गेला, की इतर कारणानं. फलकावर दोघांनाही शहीद लिहितात, गावाच्या मायेच्या दृष्टीनं ते बरोबरच आहे. घरात येणारा पैसा मात्र त्या एका नोंदीवर ठरतो.

कुटुंब पेन्शनचे मुख्य प्रकार तीन. सोप्या हिशेबासाठी धरू की जवानाचा शेवटचा पेन्शनयोग्य पगार महिना 40,000 होता.

नोकरीशी संबंध नसलेल्या आजारानं किंवा कारणानं गेला, तर साधी कुटुंब पेन्शन. नोकरीत असताना मृत्यू झाला तर पहिली 10 वर्षं पगाराच्या निम्मी, म्हणजे 20,000. त्यानंतर 30 टक्के, म्हणजे 12,000. मृत्यूचा नोकरीशी संबंध होता, ड्यूटीवर अपघात झाला किंवा नोकरीच्या ताणानं आजार वाढला, तर स्पेशल कुटुंब पेन्शन: 60 टक्के, म्हणजे 24,000, आणि ती दहा वर्षांनी घसरत नाही. शत्रूशी, अतिरेक्यांशी लढताना किंवा सीमेवरच्या चकमकीत गेला, तर लिबरलाइज्ड कुटुंब पेन्शन: शेवटच्या पगाराइतकी, पूर्ण 40,000. या सगळ्यांवर महागाई भत्ता वेगळा.

पहिली दहा वर्षं साधी आणि स्पेशल यांत फरक फारसा जाणवत नाही, वीस आणि चोवीस. म्हणून बायका म्हणतात, जाऊ दे, मिळतंय ते बरं. अकराव्या वर्षी बारा आणि चोवीस होतात, आणि तेव्हा पोरगा बारावीला असतो. आण्णा दरवेळी पेन्शनच्या हुकमावर बोट ठेवून हे दाखवतात.

तर मग संबंध होता की नव्हता, हे ठरवतं कोण? युनिट चौकशी करते, डॉक्टर मत देतात, आणि कागद बोलतात. एक उदाहरण घ्या. निजामुद्दीनहून कोल्हापूरला येणाऱ्या रेल्वेत, सुट्टीवर घरी येताना किंवा परत हजर व्हायला जाताना जवानाला अपघात झाला, तर त्या प्रवासात तो ड्यूटीवर मानला जातो. पण घरी पोचल्यावर, सुट्टीच्या दहाव्या दिवशी, मित्रासोबत पन्हाळ्याला जाताना मोटरसायकल घसरली, तर सहसा मानला जात नाही. त्यावर कोर्टांत बरेच वाद झालेत आणि निकालही एकसारखे नाहीत. म्हणून गावकऱ्यांना एक व्यवहाराची गोष्ट सांगते. सुट्टीवरच्या फौजी माणसाला काही झालं तर रडारडीतही कुणीतरी एकानं शुद्धीवर राहून तीन कामं करावीत: युनिटला लगेच कळवावं, पोलिसांत नोंद आणि पंचनामा करून घ्यावा, पोस्टमॉर्टेमच्या अहवालाची प्रत घ्यावी. "आपलाच माणूस, पोलीस कशाला" म्हणून परस्पर अग्नी दिलेलं एक घर मला माहीत आहे. ते दहा वर्षं भांडत होतं, हातात पुरावा काही नव्हता.

निकाल पटला नाही तर वर अपील करता येतं, आणि त्यापुढं सशस्त्र सेना न्यायाधिकरण आहे. ते 2007 च्या कायद्यानं आलं, त्याचं एक खंडपीठ मुंबईत आहे.

पेन्शनशिवाय केंद्राची एकरकमी मदत असते. ड्यूटीवरच्या अपघातात 25 लाख, सीमेवरच्या चकमकीत किंवा अतिरेक्यांशी लढताना 35 लाख, युद्धात शत्रूच्या कारवाईत 45 लाख. उंच बर्फाळ चौकीवर हिमकडा कोसळून गेला, तर तोही 35 लाखांच्या गटात येतो. थंडीलाही तिथं शत्रूच्या पंगतीत बसवलंय, आणि ते रास्त आहे. राज्य सरकारची मदत वेगळी.

इथंच घरं फुटतात. पेन्शन लग्न झालेल्याची असेल तर नियमानं बायकोला जाते, आईबापांना त्यात बोलायला जागा नसते. विम्याचा आणि फंडाचा पैसा मात्र ज्याला नॉमिनी केलं त्याला. लग्नाआधी आईचं नाव टाकलेलं, लग्नानंतर बदलायचं राहिलं, की विमा सासूकडं आणि पेन्शन सुनेकडं. मग गाव दोन तटांत उभं राहतं. एक म्हणतं, म्हातारीनं पोरगा दिला. दुसरं म्हणतं, पंचविशीतल्या पोरीनं काय करायचं? दोघंही खरं बोलत असतात. आण्णा सुट्टीवर आलेल्या प्रत्येक पोराला दम देतात की नॉमिनेशनमध्ये वाटे टक्क्यांत लिही, आईला किती, बायकोला किती, आणि दोघींना समोरासमोर बसवून सांग. पोरं लाजतात. मरणाची भाषा सुट्टीत कुणाला आवडणार? पण पहाटे पाचला उठून 1600 मीटर पळून भरती झालेल्या पोराला एवढी लाज परवडत नाही.

विधवेच्या दुसऱ्या लग्नाबद्दलही असाच गोंधळ आहे. आमच्या लहानपणी तरुण विधवेला "दिराशी लावून द्या" म्हणायचे, त्यामागं शेत घरात राहावं हा हिशेब जसा होता, तसा सरकारी नियमाचाही हात होता. शौर्यपदकाचा भत्ता विधवेनं लग्न केलं की थांबायचा. 1995 च्या बदलानंतर तो चालू राहायचा, पण नवरा मयताचा भाऊ असेल तरच. ही दिराची अट थेट नोव्हेंबर 2017 मध्ये निघाली. कुटुंब पेन्शनचं वेगळं आहे: साध्या पेन्शनीत मुलं असलेल्या बाईनं लग्न केलं तर पेन्शन तिच्याकडून मुलांकडं जाते, लिबरलाइज्डमध्ये मुलांचा सांभाळ ती करत असेल तर तिलाच चालू राहते. कुणाला सल्ला देण्याआधी प्रकार विचारावा, हे यासाठी.

अग्निवीरांचं गणित निराळं. 14 जून 2022 ला योजना जाहीर झाली. चार वर्षं नोकरी, त्यातले 25 टक्क्यांपर्यंत पुढं कायम. विमा 48 लाखांचा, पण पेन्शन नाही आणि कुटुंब पेन्शनही नाही. म्हणजे वर जे तीन प्रकार सांगितले, त्यातला एकही त्याच्या घराला लागू नाही. माझं मत विचाराल तर हा फरक मला पटत नाही, बर्फ दोघांवर सारखाच पडतो. पण ज्यांच्या घरातलं पोर भरतीला चाललंय त्यांना हे आधी स्वच्छ सांगावं.

शेजाऱ्यांनी काय करावं, असं मला कुणी विचारलं तर मी बांधाकडं बोट दाखवते. फौजी परमुलखात असताना त्याचा बांध दरवर्षी वीतभर सरकतो, हे कोल्हापूरच्या काळ्या जमिनीत सगळ्यांना माहीत आहे. कायद्यानंही ते ओळखलंय: 1925 चा सैनिक खटले कायदा आहे. विशेष परिस्थितीत सेवा बजावणाऱ्या सैनिकाविरुद्धचा दावा त्याला हजर राहता येत नाही तोवर कोर्ट थांबवू शकतं. शिवाय कमांडिंग ऑफिसर थेट कलेक्टरला पत्र लिहितो, की आमच्या जवानाच्या जमिनीत अडचण आहे, लक्ष घालावं. तशी पत्रं तहसीलला येतात आणि त्यांवर कामही होतं. पण पत्र यायला लागू नये, हे शेजाऱ्याच्या हातात असतं. आमच्या शेजारच्या मळ्यातल्या तात्यांनी आण्णांच्या वीस वर्षांत बांधाला नांगर लावला नाही, वर आईची पाणीपाळी रात्रीची आली की बॅटरी घेऊन स्वतः पाटावर थांबायचे. त्यांचा सत्कार कुणी केला नाही. आई मात्र दर दिवाळीला पहिला फराळ त्यांच्याकडं पाठवते, अजून.

7 डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन असतो, 1949 पासून. शाळेत तिकीट विकत घेऊन खिशाला लावायचो, ते पैसे माजी सैनिक आणि वीरपत्नींच्या कल्याणासाठी जातात. द्यावेत. आणि गावात अशी एखादी बाई असेल, तर तिला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयापर्यंत आपल्या गाडीवरून घेऊन जावं. तिथं पैसे लागत नाहीत. लागते ती एक पूर्ण सकाळ.

गेल्या रविवारी तोफखान्यातला एक पोरगा आला होता, सुट्टीवर, लग्न होऊन बारा दिवस झालेले. बायको सोबत, हातावरची मेंदी अजून लाल, मागं सासू. आण्णांनी प्रश्न टाकला. पोरगा म्हणाला, गेल्यावर करतो. "गेल्यावर न्हाई, अर्ज आत्ता लिहायचा, इथंच," म्हणत आण्णांनी माझ्या पोरीची रफ वही ओढली. "नाव काय घालायचं?" पोरानं तोंड उघडलं, सासूनं त्याच्या आधी तांदळातलं नाव सांगितलं. आण्णांनी दोघांकडं बघितलं नाही. वही आणि पेन नवरीपुढं सरकवलं. "बाळ, दाखल्यावर, आधारवर, पॅनवर जे हाय ते तूच लिही. इंग्रजीत."

तिनं बराच वेळ पेन नुसतं धरून ठेवलं. मग लिहिलं. माहेरचं पहिलं नाव, पुढं नवऱ्याचं आणि आडनाव. सासू काही बोलली नाही, चहाच्या कपातली साय बोटानं बाजूला करत राहिली. आण्णांनी वही फिरवून उजेडाकडं धरली, चष्मा वर-खाली केला.

"हे आय हाय का डबल ई?"